मुलीचे नाव आणि त्यामागचे नाव

मराठी मुलीचे पूर्ण नाव परंपरेने तीन भागांचे असते: तिचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. यातला निवडीचा भाग एकच, पहिला. बाकीचे दोन तिच्या जन्माआधीच ठरलेले असतात. इंग्लंड-अमेरिकेत मधले नावही आईवडील हौसेने निवडतात, पुष्कळदा आजीचे किंवा पणजीचे, आणि ते पहिल्या नावाशी जुळते की नाही यावर घरोघर खल चालतो. मराठीत मधले नाव हौसेचे नसून नात्याचे असते. रशियन स्त्रीच्या नावातही वडिलांच्या नावावरून बनलेला मधला भाग असतो. लग्नानंतर तिचे आडनाव बहुधा बदलते, पण वडिलांचे नाव जन्मभर तिच्यासोबत राहते. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मात्र लग्नानंतर मधले नावही बदलण्याची चाल पडली. वडिलांच्या जागी नवरा येतो. म्हणजे मराठी मुलीचे नाव ज्या नावाशी जुळवायचे, ते पंचवीसेक वर्षांत जाणार, हे गृहीत धरलेले असते.

यवतमाळ जिल्ह्यातील नेर, म्हणजे नेर परसोपंत, हे यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा गावात मुलीच्या नावावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. इथे ती दोन पात्रांच्या तोंडी दिली आहेत. पहिली बाळाची आत्या: शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, जिने अनेक वर्षे दाखल-खारीज नोंदवही लिहिली. दुसरी बाळाची आई: नेरची सून, नोकरी करणारी. दोघी कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कल्पित नाहीत.

पहिल्या नावापासून सुरुवात होते, कारण हक्काचा प्रश्न तिथेच उभा राहतो. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. पाळण्याखालून-वरून बाळ देणे-घेणे, घुगऱ्या वाटणे आणि नाव सांगताच आत्याच्या पाठीत बसणारे धपाटे हा सगळा सोहळा बहुतेक बायकांच्याच ताब्यात असतो. मुस्लिम घरांत नाव ठेवण्याचा अकीका विधी साधारणतः सातव्या दिवशी होतो. बौद्ध घरांत नामकरण वंदनेने होते आणि पत्रिकेचे अक्षर सहसा विचारले जात नाही.

आत्या : नाव सांगायचा मान माझा, पण अक्षर काही माझं नाही. रोहिणीचं तिसरं चरण आहे, म्हणजे ‘वी’. वीणा आहे, विभा आहे, विशाखा आहे. पाह्य, किती नावं आहेत.

आई : ताई, पोरगी रोहिणीवर झाली म्हणून सोपं गेलं. आर्द्रावर झाली असती, तर काय ठेवलं असतं?

प्रश्न खोडसाळ असला तरी बरोबर आहे. नक्षत्रे २७, प्रत्येकाची चरणे चार, म्हणून १०८ अक्षरे पंचांगात वाटून दिलेली आहेत. त्यांत आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’ आणि उत्तरा भाद्रपदाच्या चौथ्याला ‘ञ’ येतो. या अक्षरांनी सुरू होणारे नाव मराठीत नाही. जोशीबुवा अशा वेळी जवळचे अक्षर सुचवतात. परंपरेने यावर आणखी एक सोय करून ठेवली आहे. नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षराचे, पत्रिकेत राहते आणि हाकेचे नाव वेगळे ठेवता येते. विदर्भातल्या जुन्या पिढीत एकाच बाईची पत्रिकेत एक, पाळण्यात दुसरे आणि अंगणात तिसरे अशी नावे सर्रास असत. कागद कमी होते तोवर याचा कुणाला त्रास नव्हता.

आत्या : मग पत्रिकेत विशाखा राहू दे, शाळेत तुला हवं ते लाव. शास्त्रात मुलीच्या नावाचे नियमही दिले आहेत.

दिलेले आहेत हे खरे. पारस्कर गृह्यसूत्र मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे असे सांगते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, अर्थ स्पष्ट असलेले, मनाला भावणारे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे म्हटले आहे. एवढ्यावर आजचे पालकही सही करतील. पण तिसऱ्या अध्यायात तीच मनुस्मृती नक्षत्राचे, झाडाचे किंवा नदीचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असा सल्ला देते. महाराष्ट्राने तो कधीच मनावर घेतला नाही. इथे घरोघरी गोदावरी, कृष्णा, यमुना, चंद्रभागा, तुळसा, रोहिणी आणि रेवती होत्या. आत्याने सुचवलेली विशाखासुद्धा नक्षत्रच. तेच नाव बुद्धाच्या प्रमुख उपासिकेचे असल्याने विदर्भातल्या बौद्ध घरांतही ते आदराने ठेवले जाते. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर या भागात मुलींच्या नावांचा एक नवा साठाच तयार झाला: सुजाता, यशोधरा, गौतमी, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा, मैत्री. नाव कुणी ठेवायचे आणि कुठून आणायचे, याचा इतका ठाम निर्णय एका पिढीत क्वचितच कुठे झाला असेल.

नाव न निवडणे हीसुद्धा एक निवड असते. मुलगा हवा असताना आणखी एक मुलगी झाली की तिला ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ म्हणत. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींचे आधीचे नाव शाळेच्या हजेरीपटावर रोज पुकारले जात होते. पहिले नाव ही केवळ आवडीची बाब आहे असे मानणाऱ्याने ही घटना लक्षात ठेवावी.

नाद जुळण्याचा प्रश्न यानंतर येतो. मराठीत तो एकाच दिशेने सोडवावा लागतो, कारण वडिलांचे नाव बदलता येत नाही. पहिल्या नावाचे शेवटचे अक्षर आणि मधल्याचे पहिले अक्षर एकच असले की हाक मारताना एक अक्षर गिळले जाते: ‘स्वरा रामराव’, ‘आरोही हिंमतराव’, ‘सई ईश्वर’. वडिलांचे नाव जोडाक्षरांनी जड असेल, ज्ञानेश्वर किंवा त्र्यंबक, तर मुलीचे नाव हलके बरे. ‘अनन्या ज्ञानेश्वर’पेक्षा ‘रेवा ज्ञानेश्वर’ जिभेला सोपे जाते. उलट वडिलांचे नाव ‘अजय’सारखे छोटे असेल, तर ‘संघमित्रा अजय’ छान तोलते.

आत्या : हे सगळं लग्नापर्यंत. पुढं जावयाचं नाव त्र्यंबक निघालं तर?

आई : तेच तर म्हणते मी. जे नाव पुढं जाणारच आहे, त्याच्याशी जुळवायचं काहून? पोरीचं नाव एकटं उभं राहायला पाहिजे. आणि मधल्या जागेत बापाचंच नाव काहून? नऊ महिने कुणी वाढवली?

येथून चर्चा मधल्या नावाकडे वळते, आणि आईच्या नावाची मागणी नवी नाही हे आधी सांगायला हवे. महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रसिद्ध राजघराण्यांपैकी एकाचे, सातवाहनांचे, राजे आईच्या नावाने ओळखले जात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, मोठा शिलालेख आहे. नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणे दान दिले आणि मुलाच्या पराक्रमाचे वर्णन कोरवून घेतले. बृहदारण्यक उपनिषदाच्या अखेरीसही आचार्यांची एक लांबलचक वंशावळ आईच्या नावांवर बेतलेली आहे.

आत्या : सातवाहनांचं मी चौथीला शिकवलं आहे. पण गौतमी म्हणजे गौतम गोत्राची. ते तिच्या बापाचं गोत्र. तिचं स्वतःचं नाव बलश्री, आणि मुलगा काही बलश्रीपुत्र म्हणवला नाही.

आत्याचा हा मुद्दा पक्का आहे. अभ्यासकही ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ ही बिरुदे आईच्या गोत्रनामावरून आलेली मानतात. त्यांवरून सातवाहनांच्या काळी मातृसत्ता होती असा निष्कर्ष काढता येत नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. अनेक राण्या असलेल्या घरात कोणता मुलगा कोणत्या राणीचा, हे ओळखायला आईचे नाव लागत असावे, एवढे म्हणता येते. आईचे नाव आले म्हणून आईचा अधिकार आला असे होत नाही.

आधुनिक महाराष्ट्रात हा प्रश्न शासनाच्या निर्णयाने पुढे आला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची. शाळेचे दाखले, परीक्षांचे अर्ज, सेवापुस्तक, शिधापत्रिका अशा कागदांना तो निर्णय लागू करण्यात आला. त्याआधीही दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव स्वतंत्र ओळीत छापले जात होते. नेरच्या विद्यार्थ्यांना ते प्रमाणपत्र अमरावती विभागीय मंडळाकडून मिळते. फरक असा की आता आईचे नाव वेगळ्या ओळीतून उठून मुलाच्या नावातच आले. ५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथही आई-वडील दोघांची नावे घेऊन घेतली.

आत्या : मग झालं की. शासनानं दोघांनाही बसवलं. आता भांडण कशाचं?

आई : भांडण नाही, ताई, अडचण आहे. आईचं नाव लिहायचं, पण कोणतं?

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत महाराष्ट्रात अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि पेढे वाटले जातात. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाली आणि पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचेही माहेरचे नाव यमुनाच. त्यांच्या मुलांची नावे आजच्या पद्धतीने लिहायची वेळ आली असती, तर मधे यमुना आले असते की आनंदी आणि रमा, याला सरळ उत्तर नाही.

नेर तालुक्यातल्या सुनेचीही हीच स्थिती असू शकते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे नाव वर्षा, तांदळाच्या ताटात मेघा, आधार कार्डावर यांपैकी एक आणि शिधापत्रिकेवर दुसरे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने ती दारव्ह्याला किंवा अमरावतीला जाते. दवाखान्यातल्या केसपेपरवर जे नाव लिहिले जाते ते सोबतच्या बाईने सांगितलेले असते. तिची आई सोबत असेल तर वर्षा, सासू सोबत असेल तर मेघा. त्या केसपेपरवरून जन्माची नोंद होते आणि मुलीच्या नावात आईचे नाव कायमचे येते. मुलीचे पहिले नाव ठरवायला बारा दिवस आणि बारा जणी लागतात. मधले नाव कधीकधी असे खिडकीवर ठरते.

आत्या : म्हणून तर म्हणते, बापाचं नाव बरं. ते बदलत नाही.

आई : ते बदलत नाही कारण बदलायला त्याला कुणी सांगतच नाही.

दोघींच्या या वाक्यांत मतभेद आहे, पण वस्तुस्थिती एकच आहे. आईच्या नावाचा नियम नीट चालायचा असेल, तर आधी आईचे नाव स्थिर असावे लागते. नवरीचे नाव बदलण्याच्या रिवाजाला कायद्याचा आधार कधीच नव्हता. लग्नानंतर स्त्रीने नवऱ्याचे नाव वा आडनाव लावलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. तरीही २०२४च्या निर्णयाने विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धत तशीच ठेवली. मुलीला जन्मताना आईचे नाव मिळते, आणि लग्नानंतर जुन्या पद्धतीने आईचे आणि वडिलांचे दोन्ही जातात. निर्णयातली ही फट लहान नाही.

या पद्धतीत आणखी एक गंमत आहे. जुन्या चालीप्रमाणे बायको नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नसे. घ्यायचे तर उखाण्यात. म्हणजे जे नाव तिच्या स्वतःच्या नावाला कागदोपत्री चिकटलेले होते, तेच तिला उच्चारता येत नव्हते. पूर्ण नाव विचारले की जुन्या बायका शेजारणीकडे बघत, ते यामुळे.

एकट्या आईच्या बाबतीत न्यायालयांनी वाट मोकळी केली आहे. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला, आणि अशा आईने जन्मदाखला मागितल्यास प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा असेही सांगितले. जुलै २०२२ मध्ये, वडील वारल्यानंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरते. या बाबतीत आत्याचेही दुमत नाही. शाळेत तिने अशा मुलींचे रकाने रिकामे पाहिले आहेत आणि त्या रिकाम्या रकान्यावरून वर्गात काय बोलले जाते तेही ऐकले आहे.

नाव ठरले की ते कागदावर चढवण्याच्या मुदती असतात. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. नोंद जन्म झाला तिथे होते, राहत्या गावी नाही: नेर शहरात झाला तर नगर परिषदेकडे, खेड्यात झाला तर ग्रामपंचायतीकडे, माहेरी झाला तर माहेरच्या गावात. नोंद बाळाच्या नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. बारसे माहेरी झाले, नाव ठरले आणि सगळे परतले, पण नाव नोंदवायला कुणी गेलेच नाही, अशी प्रकरणे या सवलतीमुळेच साचतात. मग ते काम मामाच्या गळ्यात पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी आणि सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. म्हणून आता नावाची खरी तारीख बाराव्या दिवसाची नसून दाखल्यावरची असते.

आत्या : आणि एकदा शाळेच्या नोंदवहीत चढलं की मग शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. माझ्याकडे बाप यायचे, ‘मॅडम, पोरीचं नाव तेवढं बदला.’ तेवढं काही होत नाही.

आई : म्हणून मी सांगते, चार शब्द लिहायचे तर आधीच ठरवा. अर्जात घरं तीनच असतात. आईचं नाव कोणत्या घरात टाकणार?

अडचण खरी आहे. पासपोर्टात आडनाव आणि उरलेले नाव असे दोनच भाग असतात. पॅनच्या अर्जात पहिले, मधले आणि शेवटचे अशी तीन घरे आहेत. आधारवर सगळे एका ओळीत येते. राज्याचे चार भागांचे नाव केंद्राच्या तीन किंवा दोन घरांत बसवताना काही कुटुंबे आईचे नाव पहिल्या नावाला जोडतात, काही ते वडिलांच्या आधी मधल्या घरात लिहितात. कोणतीही रीत चालते, पण ती एकच असावी लागते. रोमन लिपीत लिहितानाही हेच. ‘ई’, ‘ऋ’ किंवा ‘ज्ञ’ असलेल्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचे झाले की पुढच्या प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागितले जाते. ऋतुजा आणि प्रज्ञा ही सुंदर नावे आहेत, पण त्यांचे स्पेलिंग जन्मदाखल्याच्या दिवशीच पक्के करावे. पुढे नाव बदलायचेच झाले तर ते राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे लागते.

मधल्या नावाचा सगळ्यांत जड परिणाम मात्र शाळेत किंवा पासपोर्टात दिसत नाही, शेतात दिसतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला. केंद्राने तो २००५ मध्ये देशभर केला. वडील गेले की तलाठ्याकडे वारस नोंद होते आणि मुलींची नावे सातबाऱ्यावर येतात. तिथे मुलगी कोणत्या नावाने येते? नोंद लग्नाआधीच्या नावाने झाली तर आधार कार्डाशी जुळत नाही. लग्नानंतरच्या नावाने झाली तर मधे नवरा, शेवटी सासरचे आडनाव, आणि ती कुणाची लेक हे त्या नावात कुठेच नाही. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, आणि ते जोडूनही फेरफार कधी कधी अडतो.

आत्या : हे मला नको सांगू. दादाच्या बरोबरीनं माझं नाव चढलं तेव्हा तीन कागद केले होते मी. म्हणूनच म्हणते, बापाचं नाव पोरीच्या नावातून जाऊ नये. लग्नानंतरसुद्धा.

आई : आणि आईचं?

आत्या : आईचं राहील की. पण तुझं आधी ठरव, वर्षा का मेघा. माझ्या आईनं ताटात लिहिलं होतं ते नाव राहू दे बाजूला. दाखल्यावर आहे ते सांग.

आई : दाखल्यावर वर्षाच आहे, ताई.

आत्या : मग वर्षाच लिही. आणि पोरगी विशाखा.

आई : रेवा.

पत्रिकेचे अक्षर आणि आईची आवड यांचा हा वाद बारशापर्यंत चालतो. बहुतेक घरांत तो पत्रिकेत एक नाव आणि जन्मदाखल्यावर दुसरे असा मिटतो. मधल्या दोन जागांवर काय लिहायचे, याबद्दल मात्र दोघींचे इथे एकमत झालेले आहे.